देवरुखचा मिरर

“सुचेता, उभी आहेस का बसलीयस?” कुरणे सरांनी फोनवर विचारलं.

“उभी आहे सर. पोहे परततेय.”

“गॅस बंद कर आणि बस बघू जरा.”

श्रीपाद कुरणे म्हणजे मिरजेच्या अंधशाळेतले गणिताचे शिक्षक. जन्मापासून दृष्टी नाही, पण जीभ तिखट. रविवारी सकाळी त्यांचा फोन आला म्हणजे आधी माझी काहीतरी खोडी काढायची आणि मग मुद्द्यावर यायचं, असा त्यांचा रिवाज. त्या दिवशी खोडी नव्हती. मी गॅस बंद केला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले.

“माझी फांदी सापडंना,” सर म्हणाले. “नवीन लॅपटॉपवर उतरवून घ्यायला गेलो, तर मशीन म्हणतंय अशी फांदीच नाही. तू बघ बरं. माझ्याच हातून काहीतरी झालं असणार.”

फांदी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. आम्ही चार-दोन माणसं मिळून ‘टिंब’ नावाचा एक प्रोग्राम लिहीत होतो. मराठी मजकूर दिला की तो त्याचं ब्रेल करून द्यायचा, आणि शाळेतलं छपाईयंत्र ते ठिपके जाड कागदावर उठवायचं. प्रोग्राम सगळ्यांना खुला होता. कुणीही फुकट न्यावा, सुधारावा, सुधारलेलं आम्हाला परत द्यावं. त्याचं सगळं लिखाण, आजवरच्या प्रत्येक बदलासकट, इंटरनेटवरच्या एका सर्व्हरवर ठेवलेलं असे. त्याला रेपो म्हणायचं. पक्कं झालेलं काम असतं ते रेपोचं खोड, आणि ज्याचं काम अजून चाललंय त्याची वेगळी फांदी. हे शब्द सरांचे. इंग्रजी शब्द त्यांना येत नव्हते असं नाही, पण “झाडाला मी हात लावलाय, ते मला कळतं,” असं ते म्हणायचे.

सरांच्या फांदीचं नाव होतं ‘गणित’. टिंबला तोवर धडे, गोष्टी, कविता सगळं जमायचं, पण वर्गमूळ, अपूर्णांक, कंस आले की ठिपक्यांचा नुसता चिवडा व्हायचा. त्यामुळे मुलांना गणिताचा पेपर कुणीतरी डोळस माणूस वाचून दाखवायचा. “एक्स वर्ग वजा… नाही, कंसात वजा… थांब हं, कंस आधी आहे,” असं ते वाचन. सर दोन वर्षं शाळा सुटल्यावर मागे थांबून एकेका चिन्हाचे नियम लिहीत होते. मे महिन्यात ते निवृत्त व्हायचे होते. दहावीच्या पूर्वपरीक्षेतला गणिताचा पेपर त्याच आठवड्यात, गुरुवारी होता. आफरीन मुजावर ही त्यांची हुशार विद्यार्थिनी. तिला त्यांनी शब्द दिला होता, की या वेळी गणिताचा पेपर तू तुझ्या बोटांनी वाचशील.

मी लॅपटॉप उघडला. खोड जागेवर होतं. फांदी एकही नव्हती. सरांची नाही, माझी नाही, कुणाचीच नाही.

“सर, काल काय केलंत?”

“शाळेनं नवीन लॅपटॉप दिला. जुना पुसून पोरांना दिला. नव्यावर खोड उतरवून घेतलं, आणि इकडचं तिकडं सारखं असावं म्हणून ती आज्ञा दिली. मिररवाली. म्हटलं, सुट्टीच्या दिवशी तुला कशाला त्रास.”

मी कपाळाला हात लावला. ती आज्ञा भारी इमानी. सर्व्हर हुबेहूब माझ्या मशीनसारखा कर, एवढंच तिला कळतं. सरांच्या नव्या मशीनवर फक्त खोड होतं, म्हणून तिने सर्व्हरवरही फक्त खोड ठेवलं आणि बाकीच्या फांद्या छाटून टाकल्या.

“पण मिरर आहेत की आपले,” सर म्हणाले. “तीन ठिकाणी. आमच्या मागं लागून लागून करून घेतलंस ते.”

त्यांच्या आवाजातला भरवसा ऐकून मला पुढे बोलवेना. तीन मिरर होते खरे, आणि त्यांची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. एक माझ्या सांगलीच्या घरी, एक अकोल्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात, एक देवरुखला. सर्व्हर बंद पडला तर काम अडू नये म्हणून ते ठेवलेले. पण मिरर म्हणजे तिजोरी नव्हे. दर तासाला तो सर्व्हरकडे बघतो, तिथे जे दिसेल ते स्वतःत आणतो, आणि तिथून जे गेलं ते स्वतःतूनही काढून टाकतो. आमची मशीनं जुनी, त्यांत जागा कमी, म्हणून काढलेलं लगेच कायमचं पुसायचीही सोय मी करून ठेवली होती. मला व्यवस्थेची हौस, आणि ती व्यवस्था चोख चालत होती.

“सर, मिररवरूनही गेलं असणार.”



“असं होय,” सर म्हणाले. “मला वाटलं, आरशात राहत असंल.”

मी घरचा मिरर पाहिला. गेलेलं. अकोल्याचा इथूनच बघता यायचा, त्यावरूनही गेलेलं. सर्व्हर चालवणाऱ्या कंपनीला लिहिलं, तर त्यांचं छापील उत्तर लगेच आलं, की कामाच्या दिवसांत लक्ष घालू.

“आणि देवरुख?” सरांनी विचारलं.

देवरुखचा मिरर प्रभाकर शेट्ये यांच्या घरी होता. शेट्येकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. रिकामपण खायला उठलं म्हणून आमच्यात आले आणि एक जुनं मशीन स्वतःच्या घरी मिरर म्हणून लावून बसले. माणूस लाख, पण त्यांचा मिरर कधी वेळेवर नसे. बाहेरून तो दिसत नसल्यामुळे विचारल्याशिवाय कळायचंही नाही. महिनाभरापूर्वी मी त्यांना जरा कडकच निरोप पाठवला होता, की वेळेवर चालवायला जमत नसेल तर देवरुख यादीतून काढते. तेव्हापासून रोज सकाळी आमच्या ग्रुपवर त्यांची एक ओळ यायची: ‘देवरुख मिरर सुस्थितीत.’ त्या रविवारीही ती आलेली होती.

“तो सुस्थितीत आहे सर,” मी म्हटलं. “म्हणजे तिथूनही गेलं.”

“असू दे. परत लिहीन. डोक्यात आहे सगळं.”

“गुरुवारपर्यंत?”

“गुरुवारपर्यंत कसं होईल?” सर म्हणाले. “आफरीनला सांगावं लागंल. चिडायची नाही ती. तेच वाईट आहे.”

मला रडू आलं. उगीच लपवत नाही. दोन वर्षं मी त्या फांदीवर एकेक नियम चढताना पाहिलेला. ती अजून खोडात गेली नव्हती तीही सरांच्याच नियमामुळे. आमच्यात त्यांनी रीत घालून दिली होती, की लिहिणारा सोडून दुसऱ्या कुणाचं तरी बोट खऱ्या कामात त्या ठिपक्यांवरून फिरल्याशिवाय काहीही खोडात घ्यायचं नाही. आम्ही त्याला ‘बोट लागणं’ म्हणायचो. गणिताला गुरुवारी बोट लागायचं होतं.

तरीही मी देवरुखला फोन केला. सगळं करून झालं, एवढंच सरांना सांगता यावं म्हणून.

“नमस्कार, सुचेताताई,” काका म्हणाले. मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज येत होता. “देवरुख मिरर सुस्थितीत.”

“काका, आज सकाळी चालू होता का? खरं सांगा.”

“म्हणजे काय? ठणठणीत. मी रोज उठल्याबरोबर आधी त्याच्याकडे बघतो. आता तुम्हाला तक्रारीला जागा म्हणून ठेवलेली नाही.”

“बरं,” मी म्हटलं. फोन ठेवणार, तेवढ्यात मागून बाईमाणसाचा आवाज आला.

“कोण? सांगलीची ताई का ती? तिला काय सांगताय ठणठणीत? दीप्तीच्या डोहाळजेवणापासून ते मशीन कपाटावर पडलंय.”

“अगो, तू गप्प बस जरा,” काका दबक्या आवाजात म्हणाले.

“मी कशाला गप्प बसू? ओट्याजवळ प्लग एकच. मिक्सर लावू का तुमचं ते लावू? पन्नास माणसांचं वाटण काय हाताने वाटू?”

मी स्टुलावरून उठले. त्यांच्या लेकीचं, दीप्तीचं, डोहाळजेवण होऊन आठवडा झाला होता, त्याचे फोटो काकांनीच ग्रुपवर टाकलेले. म्हणजे आठवडाभर ते मशीन बंद होतं. आठवडाभर त्याने सर्व्हरकडे बघितलंच नव्हतं. काल सर्व्हरवरून फांद्या गेल्या, हे जगात फक्त त्या एका मशीनला ठाऊक नव्हतं.

“काका,” मी म्हटलं, “नीट ऐका…”

“चूक झाली सुचेताताई, पदरात घ्या. आत्ता लावतो. एका मिनिटात चालू करून दाखवतो.”

आणि त्यांनी फोन ओट्यावर ठेवला. मी ते मशीन असं बसवून दिलं होतं, की चालू झाल्याबरोबर आधी सर्व्हरकडे धाव घ्यायची आणि मागे पडलेलं सगळं भरून काढायचं. काकांनी प्लग लावला असता तर दोन मिनिटांत तेही इतरांसारखंच चोख झालं असतं.

“लावू नका! काका, प्लग लावू नका!” मी ओरडत होते. आमच्या शेजारच्या काकू खिडकीत आल्या. देवरुखच्या ओट्यावर मात्र माझा आवाज कुणाला ऐकू जात नव्हता. स्टूल सरकवल्याचा आवाज आला. कपाटावरून काहीतरी उतरवल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, “तो मिक्सरचा प्लग काढ.”

“नाही काढणार.”

“अगो, तिकडे ती फोनवर थांबलीय.”

“थांबू दे. खोबरं अर्धं वाटून झालंय. आमटी तुम्हालाच हवी ना? वाटण झाल्याशिवाय प्लगला हात लावायचा नाही.”

आणि मिक्सर घरघरायला लागला. एवढा गोड आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि त्यानंतरही नाही. तो थांबला त्या क्षणी मी जीव खाऊन “काकू!” अशी हाक मारली.

“ही बघ, मला बोलावतेय,” काका म्हणाले.

“मला बोलावतेय,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला. “बोल गो बाय. काय झालं एवढं?”

मी त्यांना सांगितलं. फांद्या, सर्व्हर वगैरे काही नाही. एवढंच सांगितलं, की त्या मशीनमध्ये मिरजेच्या सरांचं दोन वर्षांचं काम आहे, दुसरीकडे कुठेच नाही, आणि प्लग लावला की ते जाईल.

“मग लावत नाही,” काकू म्हणाल्या. “तू ये आणि घेऊन जा. मी इथेच बसून राहते.”

भावाची गाडी घेऊन मी आधी मिरजेला गेले. सर शाळेच्या फाटकात काठी टेकून, स्वेटर घालून, डबा घेऊन उभे होते. मी त्यांना या म्हटलेलंच नव्हतं.

“माझी फांदी आहे,” ते म्हणाले. “आणि तू गाडी कशी चालवतीस ते मला ऐकायचंय.”

कोल्हापूर सोडून मलकापूरच्या पुढे आलो तसा गार वारा लागला. आंबा घाटात सरांनी काच खाली केली. उतार लागला की ते वळणं मोजत बसायचे, आणि माझा गिअर चुकला की “च्च” करायचे. मध्येच म्हणाले, “लहानपणी आई वेणी घालताना आरशाशी बोलायची. मी विचारायचो, कोण आहे गं तिथं? ती म्हणायची, मीच आहे. ती उठून कामाला गेली की मी जाऊन त्या काचेवर हात फिरवायचो. वाटायचं, थोडीतरी राहिली असंल.”

“मग?”

“मग काय, गार काच. पुढं शिकलो सगळं. प्रकाशाचे नियम पोरांना शिकवतो की मी. पण तू मिरर मिरर करायला लागलीस, तेव्हा परत तेच डोक्यात बसलं बघ.” आणि काच वर करत म्हणाले, “समोर बघून चालव. ट्रक आहे.”

ट्रक होता.

देवरुखला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. शेट्येकाका गेटपाशी उभे होते. उंच, हडकुळे, आणि चेहरा असा पडलेला की त्यांना रागवायचं माझ्या मनातही येईना. सर आणि काका इतकी वर्षं ग्रुपवर एकमेकांशी वाद घालत आलेले, पण भेटत पहिल्यांदाच होते. काकांनी सरांचा हात धरून पायरी दाखवली.

“शेट्ये, तुम्ही हाच माणूस ना, जो कंसाला अर्धवर्तुळ म्हणतो?” सरांनी विचारलं.

“तसाच दिसतो तो सर.”

“तुम्हाला दिसत असंल,” सर म्हणाले, आणि काका त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

स्वयंपाकघरात मशीन परत कपाटावर ठेवलेलं होतं, त्यावर स्वच्छ पंचा टाकलेला. काकू खाली पाटावर बसून लसूण सोलत होत्या. मी विचारलं, “काकू, इंटरनेटची वायर कुठे आहे? ती आधी काढायला हवी.”

“काढली कधीच,” त्या म्हणाल्या. त्यांनी तांदळाचा डबा पुढे ओढला आणि तांदळात हात घालून वायर बाहेर काढली. “यांचा भरवसा नाही. चांगलं वाटावं म्हणून कधी जाऊन लावतील सांगता येत नाही.”

मशीन ओट्यावर घेतलं. मिक्सर बाजूला झाला आणि प्लग मोकळा मिळाला. मी आणलेली डिस्क जोडली. काकांनी बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. काकूंनी सुरी खाली ठेवली. मशीनने सर्व्हरकडे जायचा प्रयत्न केला, रस्ता सापडला नाही म्हणून तक्रार केली आणि गप्प बसलं. आजवर अशी तक्रार दिसली की मला राग यायचा. मी फांद्यांची यादी मागितली.

सरांनी कानाला यंत्र लावलं होतं. पडद्यावरचं सगळं त्यांना त्यातून वाचून दाखवलं जायचं. मला यादी दिसली, पण मी ती त्यांनाच ऐकू दिली. त्यांची मान जराशी वाकडी झाली. मग त्यांनी कानातलं काढून टेबलावर ठेवलं, काकू कुठे बसल्यात त्याचा अंदाज घेतला आणि त्या दिशेला हात जोडले.

“आहे,” ते म्हणाले.

“मग आता जेवा,” काकू म्हणाल्या. “मशीनला काय तेवढी भूक नाही. आणि गो बाय, तू मगदूम म्हणजे जैन ना? तुझं बिनकांदा-लसणाचं वेगळं काढलंय.”

डिस्कवर दोन प्रती घेऊन झाल्या, तेव्हा कुठे मला भूक लागली. जेवताना काका ताटाकडे बघत म्हणाले, “सुस्थितीत असं लिहायची सवयच लागली हो. आधी खरंच होता. मग डोहाळजेवणाला हिने काढला. म्हटलं, ताईला कशाला उगाच दुखवा.”

“शेट्ये,” सर म्हणाले, “तुम्ही हिचं ऐकलं असतंत तर आज मी बुडालो होतो. ह्या बाईच्या शिस्तीतनं जे वाचलं ते तुमच्या बेशिस्तीनं वाचलं.”

मी मुकाट्याने आमटी वाढून घेतली.

“मी उद्याच इलेक्ट्रिशियनला बोलावतो,” काका म्हणाले. “मशीनसाठी वेगळा पॉइंटच काढून घेतो.”

“नको,” मी म्हटलं. “प्लग एकच राहू दे. देवरुखचा मिरर यापुढे मागेच ठेवायचा. आठवड्यातून एकदा, सर्व्हर ठीक आहे ना हे मला विचारून मगच लावायचा. आणि लावायचा कुणी, तर काकूंनी.”

काकांनी काकूंकडे बघितलं. “वाटण नसेल तेव्हा,” काकू म्हणाल्या.

परत येताना सर बराच वेळ कानाला यंत्र लावून आपल्याच फांदीवरचे नियम ऐकत होते. घाट चढल्यावर म्हणाले, “कंस नाहीत यात.”

“म्हणजे?”

“कंसांचं काम मी गेल्या आठवड्यात केलेलं. यांचं मशीन त्याच्या आधीच बंद पडलंय. म्हणजे ते गेलं.” मग स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाले, “असू दे. उद्या आणि परवा. जमंल.”

सोमवारी आणि मंगळवारी शाळा सुटल्यावर सरांनी कंस पुन्हा लिहिले. बुधवारी छपाईयंत्रावर पेपर निघाले. तपासायला उसंत नव्हती. गुरुवारी मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून मिरजेला गेले. छपाईयंत्र अडलं तर कुणीतरी हवं, असं निमित्त मीच काढलं होतं.

वर्गात मुलं आपापल्या जागेवर होती. एरवी गणिताच्या पेपरला तिथे वाचणाऱ्यांचा कलकलाट असायचा. त्या दिवशी कागदावर बोटं घासल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. आफरीन पहिल्या बाकावर होती. दोन वेण्या, मान ताठ, दोन्ही हातांची बोटं ओळीवर. मी दारातून बघत होते. तिची बोटं सरळ निघाली, एका जागी थांबली, मागे गेली, पुन्हा तिथेच येऊन थांबली. तिने हात वर केला.

“सर, चौथ्या प्रश्नात कंस उघडलाय. मिटलाच नाही.”

सरांचा चेहरा उतरला. ते बाकाशी गेले, तिच्या कागदावर स्वतःचं बोट ठेवलं, ओळ वाचली, पुन्हा वाचली. वर्गातली बाकीची बोटंही थांबली होती. मला कळलं त्यांच्या मनात काय आहे ते, कारण माझ्याही मनात तेच होतं. दोन दिवसांत घाईने लिहिलेले कंस. कुठेतरी एक नियम निसटला, आणि तो नेमका पोरीच्या बोटाला लागला.

ते काठी न घेताच दाराशी आले. “सुचेता,” ते हळू म्हणाले, “डोळ्यांचा पेपर बघ. चौथा प्रश्न.”

तो पेपर त्या भागातल्या बऱ्याच शाळांसाठी मिळून काढलेला होता. छापील प्रत माझ्या पिशवीत होती. मी चौथा प्रश्न काढला. ओळीवर बोट ठेवून वाचला. मलाही बोट ठेवावंसं वाटलं. पुन्हा वाचला.

“सर, इथेही कंस मिटलेला नाही.”

“नीट बघ.”

“नीटच बघतेय. उघडलाय, पुढे प्रश्नच संपलाय. पेपर काढणाऱ्याकडूनच राहिलाय तो. टिंबने जसाच्या तसा उतरवलाय.”

सर दाराच्या चौकटीला टेकले आणि हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, बराच वेळ. मुख्याध्यापिकांनी ऑफिसातून पेपर काढणाऱ्यांना फोन लावला, तेव्हा कळलं की दुसऱ्या कुठल्याच शाळेतून ही चूक कुणी विचारलेली नाही. तिथे सगळ्यांनी डोळ्यांनी मनातल्या मनात कंस मिटून घेतला होता. कंस कुठे मिटायचा ते पेपर काढणाऱ्यांनी फोनवर सांगितलं, आणि मग ते सगळ्या शाळांना कळवण्यात आलं.

सरांनी वर्गात जाऊन दुरुस्ती सांगितली. मग आफरीनच्या बाकाशी थांबून म्हणाले, “बरोबर आहे तुझं. पेपरच चुकलाय.”

“मला वाटलंच,” ती म्हणाली आणि पाचव्या प्रश्नाकडे वळली.

दहा वर्षं त्या शाळेत गणित शिकलेल्या त्या पोरीने तोवर पेपर चुकलाय असं कधी म्हटलं नव्हतं. म्हणणार कशी? वाचणाऱ्याने जे वाचलं तोच तिचा पेपर. सर पुन्हा दाराशी आले. डोळे पुसावेत की नको या विचारात त्यांनी रुमाल हातात धरलेला होता.

“बोट लागलं,” ते म्हणाले. “घे आत.”

मी तिथेच व्हरांड्यात, चपलांच्या मांडणीशेजारी बसून लॅपटॉप उघडला आणि ‘गणित’ ही फांदी खोडात घेतली. तासाभरात ती सांगलीला पोचली, अकोल्याला पोचली. देवरुखला मात्र आठवड्याने पोचली, काकूंचं वाटण झाल्यावर.